ईसीएम गेला म्हणून कुरिअर करायला निघालात? आधी हे तपासून घ्या

सेल्फ दणकून फिरतो, पण गाडी पकडत नाही. इग्निशन ऑन केलं तरी चेक इंजिनचा दिवा लागत नाही. स्कॅनर लावला तर एअरबॅग बोलते, एबीएस बोलतं, फक्त इंजिन बोलत नाही. किंवा गाडी थंड असताना छान चालते, कसारा घाट चढून इंजिन तापलं की बंद पडते आणि अर्धा तास बोनेट उघडं ठेवलं की काही झालंच नाही अशी सुरू होते. एकच सिलिंडर मिसिंग करतो. प्लग बदलला, कॉइल बदलली, इंजेक्टर बदलला, तरी तोच. रेडिएटरचा फॅन इग्निशन ऑन करताच फिरायला लागतो. रेस द्यावी तर गाडी उचलत नाही. स्कॅनरवर पी०६०१, पी०६०५ किंवा पी०६०६ कोड, नाहीतर बाकीच्या कंट्रोलरांनी टाकलेला यू०१००, म्हणजे इंजिनच्या ईसीएमशी (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरशी) संपर्क तुटला.

यातलं काहीही दिसलं की आमच्या नाशिकात द्वारकेपासून सातपूरपर्यंत कुठेही एकच निदान ऐकू येतं: ‘साहेब, ईसीएम गेला.’ नवा ईसीएम महाग, शिवाय तो गाडीला प्रोग्रॅम करावा लागतो, इमोबिलायझरशी (चावी ओळखून चोरी रोखणाऱ्या यंत्रणेशी) जुळवावा लागतो. म्हणून जुनाच काढून पुणे, मुंबई किंवा दिल्लीच्या दुरुस्तीवाल्याकडे कुरिअरने पाठवायचा मार्ग बरेचजण धरतात. मार्ग चांगला आहे, मीही पाठवतो. मूळ बोर्ड राहिला की चावीची जोडणी, इंजेक्टरचे कोड, गाडीचा चेसिस नंबर हे सगळं आतच राहतं. पण ‘तपासला, फॉल्ट नाही’ अशी चिठ्ठी घेऊन परत येणारे डबे फार. आणि जे खरोखर जळालेले असतात, त्यांना जाळणारी वस्तू बहुतेक वेळा गाडीतच बसलेली असते. ती सापडली नाही, तर दुरुस्त होऊन आलेला ईसीएमही तिथेच जळतो. म्हणून आधी खिशाला न लागणाऱ्या तपासण्या, मग स्क्रू-पाना.

एक डिजिटल मल्टिमीटर, २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब दोन वायरी जोडून, आणि साधा स्कॅनर. सुरुवातीला एवढं पुरे.

बॅटरी

हसू नका. इंजिन बंद ठेवून तासभर थांबा, मग मीटर लावा: पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. आता सेल्फ मारताना मीटर बघा. ९.६ च्या खाली उतरत असेल तर पुढचं काहीही तपासू नका, आधी बॅटरी चार्ज करा किंवा दुसरी चांगली लावून बघा. सेल्फला फिरायला कमी व्होल्टेज चालतं, ईसीएममधल्या प्रोसेसरला चालत नाही. तो मध्येच रीसेट होतो, स्पार्क किंवा इंजेक्शन देत नाही आणि वर स्वतःच्याच नावाने पी०६०६ टाकून मोकळा होतो. कोड ईसीएमचा, दोष बॅटरीचा.

गाडी सुरू होत असेल तर चार्जिंगही बघा. १३.८ ते १४.७ व्होल्ट ठीक. १५ च्या वर गेलं तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडलाय, आणि तो ईसीएमसकट सगळ्याच इलेक्ट्रॉनिक्सच्या मुळावर येतो.

गाडीवाल्याला तीन गोष्टी नक्की विचारा. जंपर लावताना केबल उलट्या लागल्या होत्या का? गाडी चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढलं होतं का? अल्टरनेटर बघायची ही जुनी खोड अजून गेलेली नाही. बॅटरी सुटली की अल्टरनेटरचा करंट जाणार कुठे? क्षणभर व्होल्टेज भसकन वर चढतं. तिसरा प्रश्न आपल्या भागातला: द्राक्षाचा हंगाम आला की पिकअपला क्रेटसाठी कॅरिअर, ताडपत्रीचे पाइप, मागे शिडी असं काहीबाही वेल्डिंग करून घेतात. वेल्डरने बॅटरी सोडली होती का? ‘गाडी कालपर्यंत चांगली होती’ म्हणणाऱ्याकडून हे उत्तर काढायला दोन चहा लागतात, पण निम्मं निदान त्यातच असतं.

फ्यूज आणि मेन रिले

फ्यूज नुसता डोळ्याने बघू नका. तो बसलेला असतानाच त्याच्या डोक्यावरच्या दोन्ही टोकांना मीटर किंवा टेस्ट लॅम्प लावा, दोन्हीकडे सप्लाय हवा. ईसीएमला सहसा एक कायमचा सप्लाय असतो, एक इग्निशनचा आणि एक मेन रिलेतून (विजेने ओढल्या जाणाऱ्या स्विचमधून) येणारा. तिन्हींचे फ्यूज वेगळे असू शकतात, त्यामुळे ‘फ्यूज बघितला’ म्हणणाऱ्याला ‘कोणता?’ असं विचारायचं.

मेन रिले बऱ्याच गाड्यांत ईसीएम स्वतःच ओढतो. चावी बंद केल्यावरही तो काही सेकंद रिले धरून ठेवतो, आतली माहिती साठवतो आणि मग सोडतो. चावी बंद केल्यावर थोड्या वेळाने येणारी ती ‘टक’ ऐकू आली, तर ईसीएम निदान जिवंत आहे. रिले शंकास्पद वाटला तर फ्यूज बॉक्समधलाच त्याच नंबरचा दुसरा रिले अदलाबदल करून बघा. खर्च शून्य. फ्यूज उडालेला सापडला तर नवा टाका, पण एकदाच. पुन्हा उडाला तर पुढे कुठेतरी शॉर्ट आहे. मोठ्या अँपियरचा फ्यूज किंवा तांब्याची तार टाकून गाडी सुरू करणाऱ्यांनी वायरिंग पेटवल्याची उदाहरणं गॅरेजवाल्यांना सांगायला नकोत.

अर्थिंग

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण ‘गेलेले’ ईसीएम सगळ्यात जास्त इथेच जिवंत होतात.

लोक मीटर ओहमवर ठेवून अर्थ तपासतात आणि ‘बीप वाजला, अर्थ ठीक’ म्हणतात. अर्थच्या वायरीतल्या बाकी सगळ्या तारा तुटून एकच शाबूत असली तरी बीप वाजतोच. करंट वाहायला लागला की ती एक तार पुरत नाही. म्हणून अर्थ नेहमी लोडवर तपासायचा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर (क्लॅम्पवर नाही, शिशाच्या पोलवर), दुसरं इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर, आणि कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर इंजिन आणि बॅटरीमधली अर्थ पट्टी खराब. मग इग्निशन ऑन ठेवून ईसीएमच्या अर्थ पिनवर मागून बारीक टाचणी लावून तसंच मोजा. तिथे ०.१ व्होल्टच्या वर गेलं तर वायर किंवा बोल्ट शोधायला लागा.

पावसाळ्यानंतर घोटी-इगतपुरीकडच्या गाड्यांचे हे बोल्ट एकदा उघडून बघा. वरून बोल्ट चकचकीत, खालच्या लगवर (वायरीच्या टोकाच्या कडीवर) मात्र गंजाचा पापुद्रा. बॉडीचं काम झालेल्या गाडीत तर लगखाली पेंट मारलेला असतो. पेंटरला काय, त्याला सगळं एकसारखं दिसायला हवं. पॉलिश पेपरने धातू उघडा करा, बोल्ट आवळा, वरून थोडं ग्रीस लावा.

यानंतर बल्बची परीक्षा. इग्निशन बंद, बॅटरीचं निगेटिव्ह काढा, ईसीएमचा कपलर (वायरींचा प्लग) सोडा, निगेटिव्ह परत लावा. गाडीच्या वायरिंग डायग्रॅमप्रमाणे कपलरमधल्या सप्लाय पिन आणि अर्थ पिन यांच्यामध्ये तो २१ वॅटचा बल्ब लावा. जो सप्लाय रिलेतून येतो, तिथे रिले डायग्रॅम बघून ओढून घ्यावा लागेल. बल्ब लख्ख पेटला तर सप्लाय आणि अर्थ दोन्ही खरे. मिणमिणला तर ईसीएमला नावं ठेवणं थांबवा. पण हा बल्ब फक्त सप्लाय आणि अर्थवर. सेन्सरच्या वायरीला लावलात तर चांगला ईसीएम तुम्हीच जाळाल.

पाणी, उंदीर आणि वॉशिंग सेंटर

कपलर सोडलाच आहे तर टॉर्च मारून आत बघा. पिनेवर हिरवी बुरशी दिसली की पाणी गेलंय. ते नेहमी ईसीएमवर वरून पडत नाही. भलतीकडेच एखाद्या वायरीचं कव्हर फाटलेलं असतं आणि पाणी तांब्याच्या तारांमधून आतल्या आत सरकत कपलरपर्यंत येतं. म्हणून कपलरची रबरं चांगली असूनही पिना हिरव्या. इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सुकू द्या, पिना वाकल्या किंवा सैल झाल्यात का बघा. प्रेशर मारून इंजिन धुण्याचा आग्रह धरणाऱ्यांना मी हात जोडतो.

उंदरांचं म्हणाल तर निफाड, पिंपळगाव, लासलगावकडून येणाऱ्या गाड्यांत मी आधी तेच बघतो. कांद्याच्या चाळीशेजारी रात्रभर उभी राहणारी गाडी म्हणजे उबदार इंजिन आणि वर खाणं शेजारीच. अशाच एका डिझेल पिकअपचं इंजिन स्कॅनरवर बोलायला तयार नव्हतं. मालक ईसीएम फडक्यात गुंडाळून, पत्ता लिहून तयार. हार्नेसची (वायरींच्या जुडग्याची) काळी पन्हळी नळी इंटेकच्या मागून वळते तिथे बोट फिरवलं तर खालच्या बाजूने नळीच नव्हती. तीन वायरींचं कव्हर कुरतडलेलं, त्यातली सेन्सरच्या पाच व्होल्टची तार उघडी पडून ब्रॅकेटला टेकलेली. तार जोडली, हीट श्रिंक स्लीव्ह घातली, हार्नेस ब्रॅकेटपासून लांब बांधला. फडक्यातला ईसीएम परत लावला, पिकअप सुरू. हात नेहमी हार्नेसच्या खालून फिरवायचा, वरून बघून कळत नाही.

बाहेरून बसवलेलं सामान

मोठ्या हॉर्नचा रिले, रिमोट लॉक, फायनान्सवाल्याने लावलेला जीपीएस, एलईडी बार, सीएनजी किट. यातल्या प्रत्येकाची वायर कुठेतरी मूळ वायरिंग सोलून, पिळून, टेप मारून जोडलेली असते. एक एक सुटं करून बघा. सिक्वेन्शियल सीएनजी किट पेट्रोल इंजेक्टरच्या वायरी मध्ये तोडून बसतं, त्यामुळे एकच सिलिंडर मिसिंग करत असेल तर दोष किटच्या जोडणीत असू शकतो. किटवाल्याकडून ते तात्पुरतं पूर्ण बायपास करून घ्या आणि गाडी पेट्रोलवर चालवून बघा.

पाच व्होल्टची गंमत

वरच्या पिकअपला झालं ते नीट समजून घ्या, कारण यात जाणकारही फसतात. ईसीएम बऱ्याच सेन्सरना पाच व्होल्टचा सप्लाय देतो: अ‍ॅक्सिलरेटर पेडल, इंटेकच्या हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर, डिझेलमध्ये रेल प्रेशर सेन्सर, कित्येक गाड्यांत एसीचा प्रेशर सेन्सरसुद्धा. एका गाळ्यातल्या शॉर्टमुळे अख्ख्या चाळीची लाइट जावी तसं होतं. एक सेन्सर किंवा एक तार अर्थ झाली की तो सप्लाय कोसळतो आणि त्यावरचे सगळे सेन्सर मुके होतात. काही गाड्यांत तर ईसीएम स्कॅनरशी बोलणंही बंद करतो. पी०६४१ किंवा पी०६५१ कोड आला तर सरळ इकडेच या.

इग्निशन ऑन ठेवून पाच व्होल्टवर चालणाऱ्या कुठल्याही तीन वायरी सेन्सरच्या सप्लायवर मोजा. पाचच्या जागी शून्य किंवा एक-दीड दिसतं? मीटर तिथेच ठेवा आणि बाकीचे सेन्सर एक एक करून सोडत जा. ज्याचा कपलर सोडताच पाच व्होल्ट परत येतात तो गुन्हेगार. सगळे सोडूनही येत नाहीत, तर हार्नेस तपासा. हार्नेस ईसीएमच्या टोकाला सोडून मोजला, शॉर्ट कुठेच नाही, सप्लाय-अर्थ बल्बवर पास झालेत आणि तरीही ईसीएम पाच व्होल्ट देत नाही. आता मात्र त्याच्यावर संशय घ्यायला हरकत नाही.

घाटात तापून बंद पडणाऱ्या गाडीसाठी एक वेगळी तपासणी. बंद पडल्या पडल्या स्कॅनरवर आरपीएम लावून सेल्फ मारा. आरपीएम शून्यच राहिला तर आधी क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय का हे ईसीएमला सांगणारा) आणि त्याची वायर. गरम झाल्यावर क्रँक सेन्सर मरतो आणि थंड झाला की उठतो, लक्षणं हुबेहूब तडकलेल्या सोल्डरच्या ईसीएमसारखी. दोघांच्या किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

स्कॅनर अजिबातच जोडला जात नसेल तर तो जिथे लावतो त्या पोर्टच्या १६ नंबर पिनवर बॅटरी सप्लाय आणि ४, ५ वर अर्थ बघा. पुष्कळदा सिगारेट लायटरचा फ्यूज आणि पोर्टचा फ्यूज एकच असतो. ज्या गाड्यांत कॅन लाइन (कंट्रोलर एकमेकांशी बोलतात ती दोन तारांची जोडी) थेट पोर्टवर येते तिथे बॅटरी सोडून ६ आणि १४ मध्ये ओहम मोजा. ६० च्या आसपास ठीक, १२० म्हणजे एका टोकाकडे तुटलं, शून्याजवळ म्हणजे दोन तारा चिकटल्या.

इथे थांबा

खालीलपैकी काही असेल तर हत्यारं खाली ठेवा आणि जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी द्या.

गाडी पुरात बुडाली असेल. गोदावरीचं पाणी नाशिकच्या पुराची खूण असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलं की घाटाकाठच्या पार्किंगमधल्या गाड्यांचं काय होतं ते आपण पाहतोच. अशा गाडीला सेल्फ मारूच नका, इग्निशनसुद्धा नाही. बॅटरी सोडा, फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, टो करा.

डिझेल इंजेक्टरच्या वायरीवर मीटर लावायची वेळ आली असेल. तिथे ईसीएम बॅटरीच्या कितीतरी पट व्होल्टेज तयार करतो आणि त्याचा झटका जोरदार बसतो. रेलचे पाइप चालू इंजिनवर सैल करणं तर जिवाशी खेळ, कॉमन रेलचं प्रेशर हजार बारच्या वर जातं आणि त्यातून उडालेली डिझेलची धार कातडी फोडून आत घुसते.

पिवळे एअरबॅग कपलर किंवा हायब्रिडच्या नारिंगी केबल मध्ये येत असतील. गाडी वॉरंटीत असेल. किंवा तुमच्याकडे त्या गाडीचं वायरिंग डायग्रॅम नसेल आणि पिना अंदाजाने मोजताय. अंदाजाने मीटर लावून चांगले ईसीएम मेलेले आहेत.

आणि ईसीएम स्वतः उघडू नका. बऱ्याचांत आत सिलिकॉन जेल असतं, काहींत बोर्ड केसला चिकटवलेला असतो, काढताना ट्रॅक तुटतात. हीट गनने किंवा ओव्हनमध्ये भाजून सोल्डर ‘परत बसवण्याचे’ व्हिडिओ बघितले असतील तर विसरा. तुम्ही उघडलेला डबा चांगला दुरुस्तीवाला हातात घेत नाही, आणि घेतला तर वॉरंटी देत नाही.

पाठवायचं ठरलंच तर

आधी फोनवर विचारून घ्या. फॉल्ट नाही निघाला तर तपासणीचे किती? माझाच बोर्ड दुरुस्त करणार की बदली डबा देणार? आतला डेटा तसाच राहणार का? सोबत चावी, इमोबिलायझर पाठवायचा का? वॉरंटी बिलावर लिहून मिळेल का? ‘ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात फिरवून प्रदूषण कमी करणारी यंत्रणा) बंद करून पिकअप वाढवून देतो’ असं कोणी स्वतःहून सुचवलं तर तिथे पाठवू नका. प्रदूषणाचे नियम मोडणं तर आहेच, पण विचारल्याशिवाय सॉफ्टवेअरला हात लावणाऱ्याचा भरवसा काय?

चावी बंद करून काही मिनिटं थांबा, मग बॅटरीचं निगेटिव्ह काढा, त्यानंतर कपलर. कपलरला लॉकचा लिव्हर असतो, तो उघडला की आपोआप निघतो. पिनांना बोट लावू नका. लेबलवरचे हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर नंबर, सिरीयल नंबर, केसच्या चारही बाजू यांचे फोटो काढा. केसवर पेंट मार्करने सही करा, परत तोच डबा आला का हे कळायला. डिझेल गाडी असेल तर इंजेक्टरच्या डोक्यावर छापलेले कोड क्रमाने लिहून ठेवा. बदली डबा घ्यावाच लागला तर ते त्यात भरावे लागतात, आणि तेव्हा इंटेक परत खोलायचा कंटाळा येतो.

अँटिस्टॅटिक पिशवी, वरून बबल रॅप, मग घट्ट खोका. थर्माकोलचे दाणे नकोत, त्यांना स्टॅटिक असतं. पार्सलचा विमा काढा आणि ‘वापरलेला भाग, दुरुस्तीसाठी, विक्रीसाठी नाही’ असं जाहीर पत्र वर लावा. खोक्यात दुसरी चिठ्ठी, साधारण अशी:

‘डिझेल पिकअप, २०१६. सेल्फ फिरतो, स्टार्ट नाही. मेन रिले ओढतो. सप्लाय आणि अर्थ लोडवर तपासले, ठीक. सगळे सेन्सर सोडूनही पाच व्होल्ट नाहीत, हार्नेसमध्ये शॉर्ट नाही. गेल्या आठवड्यात कॅरिअरचं वेल्डिंग, बॅटरी सोडली नव्हती. कोड: स्कॅनर जोडला जात नाही.’

‘ईसीएम खराब, चेक करा’ एवढंच लिहिलेल्या डब्यापेक्षा अशा डब्याला बेंचवर निम्मा वेळ लागतो. दुरुस्तीवाल्याला कुठल्या भागात बघायचं ते आधीच कळतं.

तोवर गाडीच्या मोकळ्या कपलरवर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधा, बॅटरी सुटीच ठेवा.

परत आल्यावर

दुरुस्तीच्या बिलावर काय बदललं ते वाचा. इग्निशन ड्रायव्हर (कॉइल चालवणारा ईसीएममधला भाग) जळाला होता असं लिहिलं असेल, तर त्या सिलिंडरची कॉइल न बदलता ईसीएम लावू नका. इंजेक्टर ड्रायव्हर असेल तर त्या इंजेक्टरचा रेझिस्टन्स बाकीच्यांशी ताडून बघा. ईसीएममधला रेग्युलेटर भाग गेला असेल तर अल्टरनेटर आणि पाच व्होल्टची लाइन परत मोजा.

बॅटरी सुटी असतानाच कपलर लावा, लिव्हर पूर्ण बसू द्या. नुसतं इग्निशन ऑन करा, सेल्फ नको. चेकचा दिवा लागतो? स्कॅनर बोलतो? चेसिस नंबर आपलाच दाखवतो? जुने कोड लिहून घ्या, खोडा, आणि मगच सेल्फ मारा. इमोबिलायझरचा दिवा लुकलुकत राहिला तर पुन्हा पुन्हा चावी फिरवू नका, काही गाड्या स्वतःला कुलूप लावून घेतात. सरळ दुरुस्तीवाल्याला फोन करा. सुरू झाली तर थ्रॉटलचं लर्निंग स्कॅनरने करून घ्या, आयडलवर पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मग त्र्यंबक रोडला एक फेरी मारा आणि इंजिन पूर्ण तापलेलं असताना बंद करून लगेच परत स्टार्ट करा. सोल्डरचा दोष राहिला असेल तर तो याच वेळी दिसतो, आणि तेव्हा तुम्ही घाटात नसता.